सण सरल्यावर ही काय करते?

कांबळेसाहेबांच्या हातात कुठलीही वस्तू द्या, ते आधी ती उलटी करून तिचं बूड बघायचे. चहा दिला तर चहा संपल्यावर कप उलटा. पाण्याचा तांब्या, फुलदाणी, देव्हाऱ्यातली घंटा, कशाचीच सुटका नाही. आमच्या धाकट्याच्या बारशाला बायकांनी हौसेनं बाळ त्यांच्या हातात दिलं, तर तिथंही सवयीनं त्यांनी ते उचलून खालून बघितलं. बाळानंही ताबडतोब जे द्यायचं ते उत्तर दिलं. "माल अस्सल हाय," असं म्हणून साहेबांनी बाळ परत केलं आणि ते शर्ट बदलायला घरी गेले.

बूड बघून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला. चष्मा नाकावर खाली ओढून, वस्तूच्या मालकाकडं न बघता वस्तूकडंच बघत विचारायचे, "सण सरल्यावर ही काय करते?"

साहेब मुंबईला बंदरात कस्टम्सचे अप्रेझर होते. परदेशातून आलेल्या पेट्या उघडायच्या, आतला माल बघायचा, आणि सरकारच्या त्या उशीएवढ्या जाड टॅरिफच्या पुस्तकात तो कुठल्या कलमात बसतो ते ठरवायचं, हे त्यांचं काम. कलम बदललं की जकात बदलते. त्यामुळं व्यापारी एक सांगणार आणि साहेब दुसरंच शोधून काढणार. नोकरीची शेवटची बरीच वर्षं त्यांच्यापुढं सणासुदीच्या सजावटीचाच माल यायचा. ख्रिसमसची खोटी झाडं, कागदाच्या घंटा, रबरी मुखवटे, चमकीच्या चांदण्या. जी वस्तू सणापुरती आणि बाकी वर्षभर नुसती पडून, ती सणाची. तिचं कलम पंच्याण्णव झिरो पाच. जी एरवीही कामाला येते ती सणाची नव्हे, मग तिच्यावर सांताक्लॉज का नाचत असेना. सांताक्लॉजचं चित्र असलेला मग म्हणजे मगच. दिव्यांची माळ म्हणजे दिवा. मेणबत्ती म्हणजे मेणबत्ती, ती ख्रिस्तजन्माला लावा नाहीतर लाइट गेल्यावर लावा.

गंमत अशी की साहेबांच्या स्वतःच्या घरी सण जवळजवळ नव्हतेच. घराणं कोडोलीचं, बौद्ध. बुद्धपौर्णिमेला त्यांच्याकडून आम्हाला खिरीचं पातेलं यायचं, तेवढंच. मी एकदा म्हटलं, "साहेब, जन्मभर दुसऱ्यांचेच सण तपासलेत की तुम्ही." तर म्हणाले, "म्हणूनच तपासता आले. ज्याचा सण असतो त्याला नुसता सण दिसतोय. वस्तू दिसायला माणूस बाहेरचा लागतोय."

निवृत्तीनंतर वस्तू कमी पडायला लागल्या तेव्हा त्यांनी माणसं वर्गवार लावायला घेतली. माझे मेव्हणे दर दिवाळीला येतात, फराळ करतात, भाऊबीज उरकतात आणि जातात. त्यांच्याकडं बघून साहेब हळूच म्हणाले, "पंच्याण्णव झिरो पाच. वर्सातनं एकदा काढायचं, पुसायचं, मांडायचं, परत माळ्यावर." फक्त झेंडावंदनाला दिसणारे आमच्या कॉलनीचे अध्यक्षही त्याच कलमात. माझी बायको मंगल बारमाही. मी आशेनं विचारलं, "आणि मी, साहेब?"

"तुम्ही खेळण्यात. किल्ली दिली की चालताय."

स्वतःला ते 'इतर' म्हणायचे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी, ज्याला कुठंच जागा मिळाली नाही त्याच्यासाठी एक ओळ असते म्हणे, 'इतर'. "तिथं मी," असं सांगून ते मनापासून हसायचे.

हे सगळं मीही हसण्यावारी नेलं असतं. पण त्या हिवाळ्यात साहेबांच्या कुलूपबंद, रिकाम्या घरातून दिवेलागणीला बाईचा आवाज यायला लागला, आणि आमच्या गल्लीतलं हसू पार मावळलं.

आमची कॉलनी कसबा बावड्याच्या अगदी टोकाला. नवीन वस्ती, त्यामुळं अर्धे प्लॉट मोकळे आणि रस्त्यावरच्या दिव्यांचे नुसते खांब. गल्ली शेवटी एक वळण घेते आणि वळणाच्या पुढं दोनच घरं, साहेबांचं आणि समोर माझं. त्यांच्या मागच्या कुंपणाला ऊस टेकलेला. वारा असो-नसो, संध्याकाळी त्या उसात काहीतरी सळसळायचंच. गळीत सुरू झालं की कारखान्याकडून मळीचा वास यायचा आणि नदीकडून धुकं. वळणापलीकडचे लोक अंधार पडल्यावर आमच्या बाजूला फिरकायचे नाहीत.

साहेबांच्या पत्नी शालनवहिनी जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. गावातल्या विहारात त्या बायकांना शिवण शिकवायच्या आणि दिवस बुडता बुडता घरी यायच्या. फाटकाची कडी वाजली की आत साहेब दिवा लावायचे. त्या गेल्यावर साहेब रडले वगैरे नाहीत. आलेल्या माणसांना स्वतः चहा केला आणि नंतर सगळे कप उलटे करून बघितले. मुलगा परदेशी, तो आला आणि तेराव्या दिवसाआधीच गेला. "तेरावा आपल्यात नसतोय," एवढंच साहेब बोलले. त्यानंतर त्या घरात मी मोठा आवाज ऐकला नाही.

आता ह्यात माझा संबंध कसा आला ते सांगतो. माझा धंदा मंडप-डेकोरेशनचा, लक्ष्मीपुरीत प्लास्टिकची फुलं, माळा, मखरं ह्यांचं दुकान. त्या सुमाराला जो तो चीनहून माल मागवत होता, तेव्हा मलाही सुरसुरी आली. ठरवलं, पुढच्या वर्षासाठी गौरी मागवायच्या. उभ्या गौरी, मुखवट्यासकट, साडी नेसवायचीच फक्त बाकी. पण चिन्यांना गौर म्हणजे काय हे समजावणार कसं? माझं इंग्रजी मंडपाच्या खांबाला दोरी बांधण्यापुरतं. मी फॅक्स लिहिला की, सणाची बाई पाहिजे. सणाला ती घरी येते. घरात उभी राहते. चेहरा वेगळा बसवायचा. कपडे पायघोळ. बघितल्याबरोबर माणसानं हात जोडले पाहिजेत. शेवटी मोठ्या अक्षरात लिहिलं, चेहरा प्रभावी पाहिजे.

तिकडून लगेच उत्तर आलं की अशी बाई आमच्याकडं तयार आहे. मी कंटेनरभर मागवूनही टाकल्या.

नमुन्याचा खोका कुरिअरनं आला तो गणपतीच्या धांदलीत गोदामात तसाच पडला. कंटेनर बोटीवर चढल्याचा निरोप आल्यावर मंगलनं तो उघडायला घेतला. गौर घरात येते म्हणून हातात हळदकुंकवाचा करंडा घेऊन बसली होती. झाकण उघडलं आणि करंडा एकीकडं, मंगल एकीकडं.

आत हडळ होती. दहा वर्षांच्या पोरीएवढी उंच, हिरवं तोंड, वाकडं नाक, काळा पायघोळ झगा. मी तिला उभी केली, पाठीत बॅटरी घातली आणि पुढं गेलो, तर तिचे डोळे लालभडक पेटले, मान माझ्याकडं वळली आणि ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "कम इन, माय डिअर, कम इन!" मग हसली. ते हसणं अजून माझ्या कानात आहे. फॅक्सची एक अट मात्र चिन्यांनी तंतोतंत पाळली होती. मी हात जोडले होते.

बंदरात माझ्या कागदावर लिहिलेलं होतं, 'पूजेच्या मूर्ती'. तिथल्या अधिकाऱ्यांनी कंटेनर उघडला आणि लेखी विचारणा केली, ह्या मूर्तींची पूजा कुठं होते? वस्तू नेमकी काय आहे, कुठल्या सणाची आहे, कुठल्या कलमात बसते, जाणकाराच्या मतासह कळवा. तोवर माल जागचा हलणार नाही. मी हडळीला चादरीत गुंडाळलं, काखोटीला मारलं आणि समोरच्या घरी गेलो.

साहेबांचे डोळे कितीतरी महिन्यांनी चमकलेले बघितले. त्यांनी तिला आडवं केलं, बूड बघितलं, झग्याच्या भोकातून दिसणारं छातीवरचं बारीक भिंग न्याहाळलं.

"अमेरिकेत भुतांचा सण असतोय, तिथली ही. आपल्या सर्वपित्रीसारखा, फक्त पोरं दारोदार गोळ्या मागत हिंडतात. ऑक्टोबरच्या शेवटाला."

"मग झालं की साहेब. सणाची वस्तू. द्या लिहून."

"असं कसं? सण सरल्यावर ही काय करते ते बघायला नको?"

"आता काय करणार ती? खोक्यात पडणार."

"ते तुम्ही म्हणताय. टेबलावर वस्तू कळत न्हाय, पोवार. ती घरात ठेवावी लागते. सण येऊदे, सरूदे. मग मत."

मंगलला हे कळलं तेव्हा ती पदर खोचून त्यांना सांगायला गेली. "साहेब, भुताचं सामान घरात ठिवू नगा. वैनींना अजून वर्स झालं न्हाय."

"मंगलताई, भुताला हेडिंग न्हाय. अख्ख्या टॅरिफच्या पुस्तकात तसं कलम न्हाय. ज्याला हेडिंग न्हाय ती वस्तूच न्हाय," साहेब म्हणाले. "आणि कोडोलीला आमची घरं कुठल्या अंगाला हुती म्हाइताय? मसणवाटंच्या. शाळेला रोज त्याच वाटेनं गेलतो आम्ही. भूत असतं तर ओळख झाली असती की."

मंगलनं खोचलेला पदर सोडला आणि ती परत फिरली.

हडळ त्यांच्या घरात उभी राहिली. पुढच्या खोलीतून स्वयंपाकघराकडं जायच्या बोळात, म्हणजे घरात कुणीही कुठंही गेलं तरी तिच्यासमोरून जाणार. साहेब पाणी प्यायला उठले की ती हसायची, पाणी पिऊन परतले की पुन्हा हसायची. केरवारे करणाऱ्या हौसाबाई पहिल्याच सकाळी हातात केरसुणी घेऊन थेट आमच्या स्वयंपाकघरात घुसल्या. "आत बाई हाय! इंग्रजी बोलतीया! मला म्हटली, ये!" त्या दिवसापासून साहेब स्वतःच केर काढायला लागले.

भुतांचा सण झाला. आपली दिवाळीही झाली. माझे मेव्हणे येऊन गेले. मग साहेबांनी परीक्षा सुरू केली. सण सरला, आता तिच्यासमोरून कुणी जायचं नाही. म्हणून ते रोज ऊन उतरलं की घराला कुलूप लावायचे आणि मागच्या अंगणात उसाकडं तोंड करून खुर्ची टाकून बसायचे. आत अंधार. घरात चिटपाखरू नाही. बघायचं एवढंच, की ती गप्प राहते का.

ती गप्प राहिली नाही.

पहिल्यांदा मंगलनं ऐकलं. तुळशीपुढं दिवा ठेवत होती. उसात सळसळ झाली, कुठंतरी कुत्रं विव्हळलं आणि समोरच्या कुलूपबंद घरातून आवाज आला, "कम इन, माय डिअर." दुसऱ्या दिवशी तीच वेळ, तोच आवाज. मग एरवी न फिरकणाऱ्या वळणापलीकडच्या बायका आमच्या ओट्यावर येऊन बसायला लागल्या. त्यांनीही ऐकलं. पेटलेल्या उदबत्त्या तशाच हातात धरून त्या अंगावर काटा घेऊन घरी गेल्या. कुणी काही उघड बोललं नाही, पण ती वेळ सगळ्यांच्या ओळखीची होती. शालनवहिनी विहारातून यायच्या ती वेळ.

"बाईमाणूस घराकडं येतंयच की," मंगल मला म्हणाली. "आत कोण चालल्याबिगर ती बोलत न्हाय. तुम्हीच सांगितलंसा."

गंमत म्हणजे अख्ख्या गल्लीत हा आवाज न ऐकलेला मी एकटाच. मी दुकानातून आलो, स्कूटर अंगणात लावली, की सगळ्या बायका पांढऱ्या चेहऱ्यानं सांगायच्या, "आत्ताच बोलली!" दर वेळी माझा थोडक्यात उशीर. मला वाटायचं, सगळ्या मिळून माझी फिरकी घेतायत.

म्हणून एकदा मी स्वतः साहेबांबरोबर आत गेलो. त्यांनी कुलूप काढलं. आतली हवा गार होती, मळीचा वास भिंतींतही मुरलेला. बोळाच्या टोकाला ती उभी होती आणि तिच्या अंगावर एक राखाडी शाल होती, नीट खांद्यावरून घेतलेली, उजवा पदर भिंग सोडून पुढं. ती शाल मी ओळखली. वहिनी थंडीत तशीच घ्यायच्या. माझे पाय उंबऱ्यावरच थांबले.

"धूळ बसते," साहेब म्हणाले. त्यांनी शाल काढली नाही.

"साहेब, मत कधी देताय? कंटेनर अडकून बसलाय."

"कसं देऊ? सण सरला तरी ही काम करतीया. रोज. मग सणाची कशी म्हणू?" ते तिच्याकडंच बघत होते. "बघू अजून थोडे दिवस."

मला तेव्हा स्पष्ट दिसलं. हा माणूस आता तपासत नव्हता. वाट बघत होता. आयुष्यभर भुताला हेडिंग नाही म्हणणारा कांबळे रोज दिवस बुडायची वाट बघत बसत होता, आणि तो आवाज एखाद्या दिवशी आला नाही तर त्याचं काय होईल ह्या विचारानं मला त्या हडळीपेक्षा जास्त भीती वाटली.

तशी वेळ लवकरच आली. माझी स्कूटर मेकॅनिककडं गेली. मी बसनं आलो, बसस्टॉपवरून चालत, आणि थेट साहेबांच्या मागच्या अंगणात जाऊन बसलो. म्हटलं, आज ऐकणारच. धुकं इतकं की ऊस दिसेना, नुसता ऐकू येत होता. आम्ही बसलो. अंधार झाला. आवाज नाही. साहेबांचे हात मांडीवर होते. त्यांनी एकदा मागं वळून घराकडं बघितलं, मग पुन्हा समोर. शेवटी "थंडी पडलीया, जावा," म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तेच. गल्लीत बायकांनी सुटकेचा श्वास टाकला. साहेब मात्र दाढी करायचे थांबले.

स्कूटर दुरुस्त होऊन आली त्याच संध्याकाळी वळणावर उसाची ट्रॉली आडवी निघाली. मी गाडी चालूच ठेवून थांबलो. दिव्याचा झोत सरळ साहेबांच्या पुढच्या खिडकीवर पडला होता. ट्रॉली गेली, ट्रॅक्टरचा आवाज विरला आणि माझ्या गाडीच्या बारीक फटफटीतून मला आयुष्यात पहिल्यांदा ते त्या घरातून ऐकू आलं. "कम इन, माय डिअर, कम इन!"

मी दचकलो. हँडल जरा हललं, झोत खिडकीवरून सरकला, परत आला. "कम इन, माय डिअर!" मी हँडल मुद्दाम वळवलं. "कम इन!" पुन्हा वळवलं. ती पुन्हा हसली.

तिच्या छातीवरच्या त्या भिंगाला माणूस लागत नव्हता, नुसता उजेड हलायला लागत होता. रोज संध्याकाळी वळण घेणारी गाडी आमच्या टोकाला एकच, माझी. आणि माझ्याच इंजिनच्या आवाजात मला ते ऐकू येत नव्हतं. वहिनींचं भूत म्हणजे माझ्या स्कूटरचा दिवा.

घरी येऊन मंगलला सांगितलं. तिनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "साहेबांस्नी सांगू नगा."

"अगं, माणूस खुळा व्हायला लागलाय माझ्या दिव्यापायी!"

"व्हऊदे. त्या घरात तेवढाच आवाज हाय."

मला ते पटलं नाही. शहाणा माणूस, त्याला असं फसत ठेवणं बरं दिसत नाही. आणि खोटं कशाला बोलू, कंटेनरही डोळ्यांपुढं होता. तोंडावर सांगायचं धाडस मात्र झालं नाही. म्हणून मी मधला मार्ग काढला. वळणाच्या अलीकडं गाडी बंद करायची आणि ढकलत घरी आणायची. इंजिन बंद की दिवा बंद. आवाज आपोआप बंद होईल, साहेबही हळूहळू सावरतील, असा माझा हिशेब.

आवाज बंद झाला. आठवडाभरातच साहेब स्वतः पत्र घेऊन आमच्या दारात आले. शुद्ध इंग्रजीत, सहीसकट. मंगलला त्यांनी त्यातलं एक वाक्य मराठीत करून सांगितलं, "सण सरल्यावर ही वस्तू काहीही करीत नाही." पंच्याण्णव झिरो पाच. मी चहा दिला. त्यांनी तो प्यायला आणि कप तसाच बशीत ठेवला, बूड न बघता. मंगलनं माझ्याकडं बघितलं.

माझा माल सुटला. एवढ्या हडळी कोल्हापुरात घेणार कोण, ही चिंता दोनच दिवस टिकली. एका शेतकऱ्यानं एक नेऊन शाळूच्या रानात उभी केली, तर पाखरं सोडा, चोरसुद्धा त्या बांधावर फिरकेना. तिथून मागणी सुरू झाली. कोडोलीच्या शिवारापासून कुरुंदवाडच्या मळ्यांपर्यंत माझ्या गौरी उभ्या राहिल्या. बंगले बांधणाऱ्यांनी दृष्ट लागू नये म्हणून नेल्या त्या वेगळ्याच. एवढं होऊन मला आनंद म्हणून वाटेना. समोरच्या घरात ती पहिली हडळ अजून बोळात उभी होती, पण संध्याकाळी आता दिवाच लागत नव्हता. मागच्या अंगणातली खुर्ची दवानं भिजत पडलेली. साहेब दिसलेच तर मान हलवायचे आणि आत जायचे.

एका संध्याकाळी मी नेहमीप्रमाणं गाडी ढकलत वळणातून आलो, तर धुक्यात फाटकाशी कुणीतरी उभं. अंगावर राखाडी शाल. मी गाडी आहे तिथंच थांबवली.

"पोवार, गाडी बिघडली का?"

साहेबच होते. मी म्हटलं, "न्हाय... व्हय. प्लग जरा..."

"प्लग न्हाय. दिवा." ते फाटकाबाहेर आले. "रोज ढकलत आणताय. ह्या वयात कंबर धरंल."

मी हँडलवरच्या दिव्याकडं बघितलं.

"मला पयल्याच दिवशी कळलं हुतं," ते म्हणाले. "तुमची गाडी वळली की ती बोलायची. वस्तू उघडून बघितल्याबिगर मी तिला घरात घेईन व्हय?"

"मग साहेब, सांगितलं का न्हाय? लोक वैनींचं नाव घेत हुते."

"लोक घेत हुते. मी घेतलं का कधी? शालन गेली. ती परत यायची न्हाय, हे मला कुणी शिकवायला नको."

"आणि ते पत्र? तुम्ही म्हणत हुता, ही काम करतीया म्हणून."

"तुम्ही गाडी ढकलायला लागलासा तवाच म्हटलं, ह्यांची अडचण हाय, द्यावं लिहून. मतात खोट न्हाय, पोवार. सण सरल्यावर ती काय करत न्हाय. करतोय तो तुमचा दिवा." त्यांनी शाल गळ्याशी घट्ट धरली. "दिवस बुडला की ह्या घरात काय कळत न्हाय हो. मागं ऊस, आत मी. ती बोलली की कळायचं, समोरचा माणूस घरी आला. माझ्या घरी न्हाय, पण कुणीतरी घरी आलं. मग मी उठायचो, दिवा लावायचो. आता उठायचं कशाला, तेच कळंना झालंय."

ह्या माणसानं मला खेळण्यात घातलं होतं आणि त्याच खेळण्याच्या घरी येण्यावर त्याच्या घरचा दिवा लागत होता, हे मला त्या धुक्यात, हातात बंद गाडी धरून समजलं. मी गाडी फिरवली आणि ढकलत पार वळणाच्या पलीकडं, मोकळ्या प्लॉटपर्यंत मागं नेली. थंडीनं ती लवकर चालू होईना. किका मारून मारून पाय दुखला. शेवटी इंजिन सुरू झालं, दिवा पेटला, आणि मी सावकाश वळणातून घरी आलो. झोत साहेबांच्या खिडकीवरून गेला. इंजिनच्या आवाजात मला नेहमीसारखंच काही ऐकू आलं नाही. पण मी गाडी स्टँडला लावून मागं बघितलं, तेव्हा त्यांच्या पुढच्या खोलीत दिवा लागलेला होता.